निळीतली अंडी

हेलेनानं जाड सुईनं अंड्याला दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि ते लेकीपुढं सरकवलं.

“फुंकर तू मार.”

“दरवर्षी तूच मारतेस की,” दोरोता म्हणाली.

“कवळी सैल झालीय माझी. बलकाआधी तीच बाहेर यायची.”

दोरोता हसली. अंडं तोंडाशी धरून तिनं फुंकायला सुरुवात केली. बलक हळूहळू भांड्यात उतरला. तो खसखशीच्या केकमध्ये जाणार होता. या घरात अंड्याचं काही वाया जात नसे.

टेबलावर पसारा पडला होता. भिजवून इस्त्रीनं चपट्या केलेल्या गव्हाच्या काड्या, कॉफीच्या पुड्यांचा आतला चंदेरी कागद, अक्रोड, मेणबत्त्यांची थोटकं. खिडकीशी कुंडीत फरचं गुडघ्याएवढं झाड होतं. ते घरासाठी नव्हतं. नाताळात गावातल्या प्रत्येक कबरीवर असं छोटं झाड ठेवायची रीत होती, आणि हे दोरोताच्या वडिलांसाठी, लुद्विकसाठी, असं हेलेनानं सांगितलं होतं. टेकडीवरच्या दफनभूमीतल्या वाऱ्यात टिकायचं तर दोऱ्याऐवजी तार लागते आणि वरून मेणाचा हात. विकतचं काही लागत नाही.

“पण इतक्या लवकर कशाला, आई? नाताळला अजून अवकाश आहे.”

“नंतर साफसफाई, मासे, केक. मला नाही होत धावपळ. हा अल्सर धड उभं राहू देत नाही.”

“गोळ्या घेतेस ना?”

“तुझ्यासमोर तर घेते. वसंतात बघ, क्राकोवला येऊन राहते तुझ्याकडे.”

“ये. पण माझी पुस्तकं आवरायची नाहीत.”

दोरोता तिकडे एका वाचनालयात नोकरीला होती. इमारत गरम ठेवणारा बॉयलर बिघडलाय, सगळ्यांना मोठी सुट्टी दिलीय, असं तिनं बॅग खाली ठेवतानाच सांगितलं होतं. “देव त्या बॉयलरचं भलं करो,” हेलेना म्हणाली होती.

शेजारची गेनोवेफा कांद्याच्या सालींची पिशवी घेऊन आली. अंडी रंगवायला दरवर्षी तीच पुरवायची.

“यंदा कांदा नको,” हेलेना म्हणाली. तिनं कपड्यांची नीळ वाडग्यात कालवली होती. “यंदा निळी करायची.”

“निळी?” दोरोतानं मान वर केली. “बाबांना तो रंग डोळ्यांसमोर नको असायचा. तू कुंपणाला निळा दिलास तेव्हा किती दिवस बोलले नव्हते तुझ्याशी.”

“यंदा घेतील चालवून.”

गेनोवेफाचा हात रुमालाकडे गेला. “हेलेना, अगं, निदान हिला तरी...”

“गेनोवेफा, तो गॅस बारीक कर. मेण जळेल.”

गेनोवेफा पाठ वळवून शेगडीपाशी गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. दोरोतानं पुढचं अंडं उचललं आणि फुंकायला लागली.

हेलेना एकेक अंडं निळीत बुडवून वर्तमानपत्रावर ठेवत होती. मधूनच हात वाडग्याच्या काठावर टेकवून ठेवायची. मग तिनं तार हातात घेतली.

“पीळ असा द्यायचा, बघ. बाहेरून आत.”

“ठाऊक आहे गं.”

“ठाऊक आहे तर दाखव.”

दोरोतानं करून दाखवलं. हेलेनानं ते सोडवलं. “पुन्हा.”

“परीक्षा आहे का?”

“हो. पुन्हा कर.”

दोरोतानं पुन्हा केलं. हेलेनानं ओढून पाहिलं आणि मान हलवली. “पास. पण काठावर.”

संध्याकाळी झाड पुरं झालं तेव्हा हेलेना खुर्चीत मागं टेकून त्याच्याकडे बघत बसली. “विकतचं वाटत नाही ना?”

“अजिबात नाही.”

“मग छान झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठता आलं नाही. नाताळाआधीच्या उपासांतच ती गेली. लुद्विकच्याच कबरीत तिला ठेवलं. दगडावर तिचं नाव कधीचंच होतं, फक्त मृत्यूचं साल कोरायचं राहिलं होतं.

नाताळच्या आदल्या दुपारी दोरोता झाड घेऊन टेकडी चढली. गेनोवेफा सोबत होती. आजूबाजूच्या कबरींवर बॅटरीचे दिवे लुकलुकत होते. दोरोतानं दगडावरचा बर्फ झाडला आणि कुंडी टेकवली. गेनोवेफाला रडू आवरेना.

“मला शपथ घातली होती तिनं. आता ती नाही, म्हणून बोलते. हे झाड लुद्विकसाठी नव्हतं, दोरोता. स्वतःसाठी सजवत होती ती.”

दोरोता कुंडीभोवती बर्फ दाबत राहिली.

“तो अल्सर नव्हताच. तिला संशय आला, म्हणून एकटीच बस पकडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. त्यानं खरं काय ते सांगितलं. पहिल्या डॉक्टरनं अल्सर सांगितला तो माझी दया येऊन, असं म्हणायची. मला म्हणाली, पोरीला कळू द्यायचं नाही. तिचे हे दिवस हसण्यात जाऊ देत. आणि झाड आत्ताच करून ठेवते, नाहीतर ती क्राकोवहून काहीतरी चकचकीत, महागडं आणून माझ्या उरावर ठेवेल.” रडता रडता गेनोवेफाला हसू फुटलं. “तुझ्यासमोर एकदासुद्धा कण्हली नाही बघ ती.”

“नाही कण्हली,” दोरोता म्हणाली.

“रागावलीस का गं तिच्यावर?”

“नाही, काकू. गारठा वाढलाय. तुम्ही व्हा पुढं, मी आलेच.”

गेनोवेफाची पावलं फाटकापलीकडे गेली. लोखंडी फाटक लागल्याचा आवाज आला. दोरोता बर्फातच गुडघ्यांवर बसली. आजूबाजूला आता कुणी नव्हतं.

“आई,” ती मोठ्यानं म्हणाली, “तुला अल्सर आहे असं सांगा, हे त्या पहिल्या डॉक्टरांना मीच म्हटलं होतं.”