सायट्रिक वर हवं

तपासनीससाहेब, एका मार्कासाठी तुम्ही मला बारावीत नापास केलंत, तेही चाळिशीत, तिसऱ्यांदा.

जीवशास्त्राच्या पेपरात हातातली बांगडी कागदावर ठेवून मी सायट्रिक ॲसिडचं चक्र काढलं. नावं बरोबर, बाण बरोबर, ऊर्जा कुठे सुटते तेही बरोबर. आणि तुमचा शेरा काय? "सायट्रिक वर हवं, खाली आहे."

फेरतपासणीला मी तुमच्यासमोर पेपर उलटा फिरवला. झालं की वर!

"बाई, पेपर फिरवून तपासायचा नियम नाही," म्हणत तुम्ही चहात बिस्कीट बुडवलंत.

त्या बिस्किटातली ताकद तुमच्या पेशी हेच चक्र फिरवून काढणार. तुम्ही आडवे झोपलात की त्यांनाही नापास करता?

ही घ्या माझी बांगडी. हिची वरची बाजू कुठली, दाखवा आत्ता!