पटलेला वाचक

"बंदूक बाळगणारा शेजारी म्हणजे घराला तटबंदी," असं वेंडेल स्ट्रिकलंड अमेरिकेत, टेनेसीतल्या आपल्या वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं लिहीत आले. पत्रांचा खच पडायचा. कौतुक करणाऱ्यांना ते आधीपासूनच पटलेलं असायचं आणि बाकीचे शिव्या घालायचे. शेजारचे ओटिस बॅटिस्ट, कृष्णवर्णीय, निवृत्त पोस्टमन, शिव्या घालत नसत. कुंपणापाशी उभं राहून शांतपणे वाद घालत.

त्या रविवारी मात्र ओटिस हसतच आले आणि त्यांनी शर्ट वर करून कमरेचं कोरं पिस्तूल दाखवलं.

"जिंकलात बुवा, स्ट्रिकलंडसाहेब. आजचा तुमचा लेख बायकोला दोनदा वाचून दाखवला. सगळं पटलं, आणि तडक दुकान गाठलं."

"वा, छान केलंत," वेंडेल म्हणाले. त्यांची नजर पिस्तुलावरून हलेना. "परवाना वगैरे काढलात ना?"

"परवाना कशाला? तुम्हीच तर लिहिलंय, हक्काला परवाना लागत नाही म्हणून."

वेंडेल घरात आले, ओटिसच्या बाजूचे पडदे ओढून घेतले आणि जेवणाला नको म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी घरं विकून देणाऱ्या बाई आल्या. सगळं घर बघून त्या म्हणाल्या, "इतकं सुरेख घर, इतकी शांत वस्ती. मग विकताय कशासाठी?"

वेंडेलनी ओटिसच्या बाजूचा पडदा आणखी घट्ट ओढला. शेवटी त्यांची बायको लुअ‍ॅन म्हणाली,

"यांचं लिखाण लोकांना पटायला लागलंय."