डावा पाय

बायकोला फक्त ऑटोमॅटिक गाडी चालवता यायची. तिने परस्पर कुठे जाऊ नये म्हणून नवऱ्याने घरच्या गॅरेजमध्ये महिनाभर खपून गाडीला क्लच आणि गिअर बसवले. तिला मात्र म्हणाला, "पेट्रोल वाचेल गं."

आज इंजिन सुरू करून त्याने पुढे येऊन बॉनेट लावलं. त्याच्या पाठीला लागूनच भिंत होती. गाडी रिकामी होती, तरी आत क्लच दाबल्याचा आवाज आला. काचेतून दिसलं, गिअरचा दांडा आपोआप पहिल्यावर सरकला.

ती दारात खुर्चीवर बसली होती, डावा पाय फरशीवर घट्ट रोवून.

"अगं, बंद कर ती!"

"मला कुठे येते ही गाडी?"

स्वतःच्या हातांनी घडवलेली गाडीच फितूर झाली होती.

क्लचवरचा पाय उचलला की गाडी पुढे येते, हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिने टाच हळूच उचलली.