पऱ्हाटीची चमक

“पाहा मॅडम, पऱ्हाटीले कशी चमक आली! टॉनिकचे तीन फवारे मारले,” म्हणत बबनरावांनी कपाशीच्या पानावरून बोट फिरवलं आणि चाटलं. “चाखून तं पाहा, गोड लागते.”

कृषी सहायक दीपा पुढे झाली. तिनं पान उलटवलं. खालून पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या. पिल्लं मात्र शिरांना चिकटून रस शोषतच राहिली.

“काका, ही चमक टॉनिकची नाही, या माश्यांनी रस पिऊन टाकलेली गोड विष्ठा आहे. तिच्यावर काळी बुरशी चढली की कापूस हातचा गेला. टॉनिक बंद करा आणि आजच निंबोळी अर्क फवारा.”

बबनराव थुंकत, दुपट्ट्यानं जीभ खसाखसा पुसत राहिले. मग एकदम थांबले.

“मंगळवारी दुकानदारानं वीस जण आणलते इथं, टॉनिकचा गुण दाखवाले. सगळ्याइले चाखाले लावलं. जो तो बाटली घेऊन गेला.”

“त्यानं स्वतः चाखलं?”

“आमी लय म्हटलं. तो म्हने, आज माहा उपास हाय.” बबनराव पुन्हा थुंकले. “आन् मंग आमच्यासंग बसून चार आलुबोंडे खाल्ले.”