चौदा तारखेची चिठ्ठी

साडेदहा वाजले तरी बॅकअप चालूच होता. पडद्यावर आकडा होता चौसष्ट टक्के. खाली काउंटरवर रक्ततपासणीचे रिपोर्ट अडकले होते आणि रांगेतल्या लोकांची कुरकुर जिना चढून वर येत होती. सकाळी सहाला सुरू होऊन चाळीस मिनिटांत उरकणारं काम गेले वीस दिवस सात-सात तास रेंगाळत होतं.

तिला मोठ्या साहेबांनी सकाळीच तंबी दिली होती. "आज चारपर्यंत कारण सापडलं नाही, तर सर्व्हर केबलदादांकडे. तुम्ही खाली काउंटरवर बसा."

नऊ वर्षं तिने लॅबचा डेटाबेस पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. या वीस दिवसांत तिने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. जुने रेकॉर्ड वेगळे काढले, बॅकअपची वेळ बदलली, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ गुन्हेगारासारखी उलटतपासली. फक्त केबलच्या वाटेला ती गेली नाही. लॅबच्या केबल आणि नेटवर्क हे केबलदादांचं खातं, आणि दादा म्हणाले होते, "नेटवर्क मी स्वतः तपासलंय गं. दोष तुझ्या डेटाबेसात शोध." दादांनी सांगितलं म्हणजे संपलं. त्यांच्याच हाताखाली ती काम शिकली होती.

आज मात्र तिने चालता बॅकअप थांबवला आणि तोच सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर घेतला. पस्तीस मिनिटं. मग तीच फाइल नेटवर्कवरून शेजारच्या खोलीतल्या मशीनवर पाठवली, तर ती मुंगीच्या पावलांनी निघाली. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. तिने वॉचमनकडून केबलच्या खोलीची किल्ली घेतली.

या खोलीत दादांचा एक कायदा होता: ज्याचा हात, त्याची चिठ्ठी. कुठलीही केबल हलवली की तिच्या टोकाला कागद चिकटवायचा. काय केलं, किती तारखेला, किती वाजता, आणि खाली सही. पहिल्याच दिवशी दादांनी तिला हे शिकवलं होतं. "आपण मेलो तरी मागच्या माणसाला कळलं पाहिजे," असं म्हणाले होते.

तिने सर्व्हरची निळी केबल चिमटीत धरली आणि तिच्या मागे मागे निघाली. केबल वरच्या नव्या स्विचमध्ये, म्हणजे सगळी मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीत, जायला हवी होती. ती गेली खाली, कपाटाच्या मागून, धुळीतल्या जुन्या पेटीत. हजेरीचं मशीन आणि दोन प्रिंटर एवढ्यांपुरती ठेवलेली ती पेटी, वेगाने नव्या स्विचच्या दहाव्या हिश्श्याची.

आणि टोकाला चिठ्ठी होती.

"डेटाबेस सर्व्हर, जुन्या पेटीवर. १४ तारीख, ११.४०." खाली दादांची सही. वीस वर्षांची सवय ती. लबाडी करतानाही हाताने चिठ्ठी लावलीच होती.

चौदा तारीख. त्या दिवशी ती रजेवर होती. दादांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि आदल्या संध्याकाळी दादा म्हणाले होते, "माझी कामातून सुटका नाही. तू बसशील का आईजवळ?" ती बसली होती. म्हातारीचा हात हातात धरून बसली होती. ऑपरेशन नीट झालं, हे तिने बाहेर येऊन लगेच दादांना कळवलं होतं. तिने मोबाइल काढून तो कॉल शोधला. अकरा छत्तीस. "तुझे उपकार कसे फेडू गं," असं ते म्हणाले होते.

चार मिनिटांत फेडले होते.

परक्याने केलं असतं तर ती भांडली असती. इथे भांडायचं कुणाशी, तेच तिला सुचेना.

"किल्ली तू नेलीस, असं वॉचमन म्हणाला." दादा दारात उभे होते. त्यांची नजर आधी तिच्या बोटांतल्या केबलवर गेली, मग चिठ्ठीवर.

"आधी मला विचारायचंस ना," ते म्हणाले.

"तुम्हालाच विचारत वीस दिवस गेले, दादा."

ते आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "दोघांपैकी एकालाच ठेवणार आहेत. ठेवायच्या माणसांची यादी मी पाहिली, त्यात तुझं नाव होतं. या वयात मला दारात कोण उभं करणार? तू काउंटरवर गेलीस तरी तुझी नोकरी राहिली असती. मी तर घरीच गेलो असतो."

तिने केबल जुन्या पेटीतून उपसली, वर नेली आणि नव्या स्विचमध्ये खोचली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. खिशातून पेन काढून तिने कायद्याप्रमाणे नवी चिठ्ठी लिहिली, तारीख-वेळ घातली, सही केली आणि चिकटवली. जुनी चिठ्ठी अलगद सोलून घेतली.

दादांचा आवाज खाली आला. "चार वाजता दाखवणार आहेस?"

"हो."

मग दादा चाचरत म्हणाले, "आई सकाळीच विचारत होती. संध्याकाळी येशील ना? डोळ्यात थेंब घालायला तिला तूच लागतेस."

वीस दिवस रोज संध्याकाळी ती वाट वाकडी करून त्यांच्या घरी जात होती. दादांचा हात थरथरतो, थेंब गालावर पडतो, म्हणून.

तिने चिठ्ठी उजेडात धरली. त्या बोटभर कागदावर तीन ओळी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, मोती ओवल्यासारखं.

"थेंब आजपासून तुम्हीच घाला, दादा," ती म्हणाली. "हात अजिबात थरथरत नाही तुमचा."