मागचं डावं दार

“ही गाडी आहे की चाकं लावलेला टीव्ही?”

तिने हे इतक्या मोठ्याने विचारलं की शोरूममधल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनीही माना वळवल्या. विक्रेता कसनुसं हसला. धाकटा भाऊ किल्लीशी चाळा करत राहिला. बाबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि त्यांची गाडी देऊन तिचंच नवं मॉडेल घ्यायचं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. बाबांची गाडी आता आईच्या नावावर होती. आईची सही तेवढी व्हायची होती. तीच थांबवायला ती आज पहाटेच्या बसने आली होती.

“जुन्या मॉडेलशी तुलनाच नाही, मॅडम,” विक्रेता म्हणाला.

“तुलना मी करते.”

आणि ती करत सुटली. समोरची जाळी जबडा वासल्यासारखी दिसत होती. जुन्या गाडीचा चेहरा कसा घरच्या माणसाचा होता. हँडब्रेकचा दांडा गायब, त्याच्या जागी नखाएवढं बटण. जुनं दार लावलं की भरीव आवाज यायचा, याचा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा. पाय ठेवायला मात्र नव्या गाडीत मागे जागा जास्त होती. ते तिला दिसलं, पण ती बोलली नाही.

“मुलांसाठीचं कुलूपसुद्धा आता इथूनच,” विक्रेत्याने स्टिअरिंगजवळचं बटण घाईघाईने दाखवलं. “जुन्या मॉडेलला मागच्या दारांच्या कडेला खटका असायचा. तो लावला की दार फक्त बाहेरून उघडायचं. लोक लावायचे आणि विसरून जायचे.”

“आमचे बाबा कधी काही विसरले नाहीत.”

हे खरंच होतं. काचेपलीकडे, मागच्या अंगणात, बाबांची गाडी उभी होती. एकोणीस वर्षं झाली तरी अंगावर ओरखडा नाही. आत एवढंसं काही कुरकुरलं तरी बाबांना जेवण गोड लागायचं नाही. त्याच दिवशी गॅरेज गाठायचे.

“ताई, एवढं असेल तर तू घेऊन जा ती,” भाऊ अखेर म्हणाला. “तुझ्या तिसऱ्या मजल्यावर चढव.”

“तू मला शिकवू नकोस. चष्मा देऊन टाकलास, कपडे देऊन टाकलेस. आता गाडी. आणि आईचं काय? बाबा तिला हाताने दार उघडून द्यायचे. लग्न असो नाहीतर दवाखाना, गाडी थांबली की आधी वळसा घालून तिच्या दाराशी. शेजारच्या बायका नवऱ्यांना टोमणे मारायच्या त्यावरून. हे तुझं बटण उघडणार आहे का तिला दार?”

भाऊ तिच्या मागे बघत होता.

इतका वेळ कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलेली आई कधी उठली, कुणालाच कळलं नव्हतं. ती नव्या गाडीत मागे, डाव्या बाजूला बसली होती. सवयीची जागा. तिने दार ओढून घेतलं, मग आतली कडी खेचली. दार उघडलं. ती उतरली, दाराकडे बघत उभी राहिली, पुन्हा आत बसली. पुन्हा दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा उतरली.

“काकूंना आवडली वाटतं!” विक्रेता खुलला.

“आतून उघडतं गं हे,” आई म्हणाली.

“मग? उघडणारच ना, आई.”

“आपलं नाही उघडायचं. बिघडलेलं होतं ना.” आईने साडीचा पदर सारखा केला. “तुला नाही माहीत. तू कायम पुढे बसायचीस. काच खाली करून बाहेरून उघडावं, तर किल्लीशिवाय काच हलायची नाही, आणि किल्ली ह्यांच्या खिशात. पलीकडच्या दाराने, रहदारीच्या बाजूला उतरलेलं त्यांना खपायचं नाही. कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या. तर म्हणायचे, कशाला? मी आहे ना उघडायला.”

आई जराशी हसली. “आमचं काही वाजलेलं असलं, की मग यायला उशीर व्हायचा. मावशीकडे साखरपुड्याला गेलो होतो बघ. पंगती उठल्यावर आले.”

तो साखरपुडा तिला आठवत होता. आईचं डोकं दुखतंय, ती गाडीत पडलीय, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. वर, कुणी उठवू नका, असंही.

ती कुणालाही काही न सांगता मागच्या अंगणात गेली. बाबांच्या गाडीचं मागचं डावं दार बाहेरून अलगद उघडलं. कडेला, कुलपाच्या खाली, तो खटका होता. लावलेला. गंज नव्हता त्याच्यावर. तेल दिलेलं होतं.

तिने तो नखाने सरकवला. आत बसून दार लावलं आणि कडी खेचली. दार पहिल्या झटक्यात उघडलं.

राग गेला नाही. त्याने फक्त तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला बाबांशी कडाकडा भांडावंसं वाटलं, आणि भांडायला बाबा नव्हते.

ती परतली तेव्हा आई टेबलाशी बसली होती. पेन हातात होतं, टोपण अजून काढलं नव्हतं.

“बघून आलीस का ते दार?” आईने विचारलं. तिचे डोळे लेकीच्या तोंडावर खिळले होते. “दुरुस्त होण्यासारखं होतं का गं?”

तिच्या नखात तेल होतं. तिने मूठ मिटली.

“नाही, आई. बिघडलेलंच होतं. कर सही.”