राणीखालचं नाव

"उंदरानं खाल्लंय," मडिवाळप्पा म्हणाले.

पंचांतल्या निंगप्पांनी जुनं पत्र खिडकीकडे धरलं. मधोमध चौकोनी भोक. "चारी कोपरं सरळ हायत. उंदीर पट्टी घिऊन बसला हुता व्हय?"

पंच हसले. मडिवाळप्पांचा मुलगा शिवपुत्र तेवढा हसला नाही. भोक त्यानंच पाडलं होतं, दहा वर्षांचा असताना. नागव्वाकाकूनंच ट्रंक उघडून दिली होती, "घे की राणीची तिकिटं, मला काय करायची!" त्या काळी पाकिटाचे लाड नव्हते; लिहिलेल्याच कागदाची घडी घालायची, वर तिकीट डकवायचं. व्हिक्टोरिया राणीबरोबर आतलं नावही कापलं गेलं, हे त्याला आज सतरा वर्षांनी कळत होतं.

बाकी पत्र स्पष्ट होतं. आजोबांनी मैंदर्गीहून कळवलं होतं, की सोलापुरातलं मागचं घर अमुक सुनेला द्यावं. अमुकच्या जागी भोक.

"नाव न्हाय, तर थोरल्या सुनेचा मान. म्हंजे आमच्या मल्लव्वाचा," मडिवाळप्पा म्हणाले. "नागव्वानं अमावस्येच्या आत घर मोकळं करावं."

धाकटी सून नागव्वा दाराशी बसली होती. विधवा बाई, त्या घराबाहेर तिला जगात थारा नव्हता. भोक कुणाचं, हे तिला पक्कं आठवत होतं. पण पोराचं नाव ती घेईना. शिवपुत्रला ते सहन होईना.

"भोक मी पाडलंय," तो म्हणाला आणि तिकिटांची वही घेऊन आला.

राणी वहीत होती. लहानपणी खळीनं अशी घट्ट डकवलेली, की पान फाटेल पण ती सुटायची नाही. लिहिलेली बाजू खाली.

मडिवाळप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "पाणी लाव रं. सुटंल की."

शिवपुत्र बापाकडे पाहतच राहिला. बोरूची शाई पाण्यात किती टिकते, हे उभा जन्म बोरूनं लिहिलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं? त्याला बापाची इतकी लाज वाटली, की कान तापले.

"पाणी नगं, आप्पा. वस्तरा द्या."

त्यानं पान उलटलं. मागच्या बाजूला सातवा एडवर्ड होता, वहीतलं सगळ्यात मोठं तिकीट. त्याच्यासाठी मुंबईच्या एका पारशाला त्यानं दोन वर्षं पत्रं घातली होती. नाव गाठायचं तर याच्यातूनच जावं लागणार होतं. शिवपुत्रनं श्वास धरला आणि खरवडायला सुरुवात केली. राजाची दाढी गेली, कान गेला, डोळा गेला. मग वहीचा कागद. पातं केसभर खोल गेलं असतं, तर नावही गेलं असतं.

काळी शाई दिसली.

निंगप्पांनी वही मडिवाळप्पांपुढे सरकवली. "तुमच्या वडलांचं अक्षर. तुमीच वाचा."

मडिवाळप्पांनी पाहिलं. वाचेनात.

नागव्वाला अक्षरओळख नव्हती. तिनं भावजींचं तोंड पाहिलं आणि तिला कळलं. तिचे डोळे भरून आले. मग ती सरकत पुढे आली आणि जमिनीवर पडलेला राजाचा चुरा बोटानं टिपून पदरात घेऊ लागली.

"शिवपुत्र," ती हळूच म्हणाली, "हे परत डकवता यील का रं?"